सरवा कोणाचा?

इथेनॉलवर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास येतं. उसाच्या रसापासून इथेनॉल केलं तर साखर कमी पडते, मक्यापासून केलं तर कोंबड्यांचं खाद्य महागतं, तांदळापासून केलं तर लोकांच्या ताटातलं जातं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसाचं इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, तेव्हा ही ओढाताण सगळ्यांनाच दिसली. मग कोणीतरी म्हणतं, काडीकचऱ्यापासून करा की. पेंढा आहे, भुसा आहे, चिपाडं आहेत. ते सगळं टाकाऊच आहे, त्यात कोणाचं काय जातं?

असं म्हणणारे काही लबाड नसतात. बहुतेकांना ते मनापासून पटलेलं असतं, आणि ऐकताना मलाही पटतं. नंतर मात्र ते खुपत राहतं. 'टाकाऊ' हा शब्द कोणी, कुठे उभं राहून उच्चारला, हे त्या वाक्यात सांगितलेलं नसतं.

आधी थोडं लाकडाबद्दल बोलायला हवं, कारण सगळा मोह तिथून सुरू होतो. लाकूड साखरेचं बनलेलं असतं, हे ऐकायला विचित्र वाटतं. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ते बऱ्याच अंशी खरं आहे. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजचे मणी ओवून केलेली माळ. लाकडातलं, कापसातलं, कडब्यातलं सेल्युलोज म्हणजेही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तोच, दोन मण्यांमधली गाठ तेवढी वेगळ्या बाजूने मारलेली. एवढ्याशा फरकामुळे ताटातली भाकरी आपल्याला पचते आणि ज्या पाटावर बसून ती खायची तो पाट पचत नाही. सेल्युलोजच्या या माळा एकमेकींना घट्ट बिलगून असतात. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोजचं जाळं असतं (त्यातही साखराच, बऱ्याच झाडांत मुख्यतः झायलोज नावाची), आणि मधल्या फटींत लिग्निन सिमेंटसारखं भरलेलं असतं. झाड उभं राहतं ते या कुलूपबंद साखरेच्या जोरावर. कुलूप इतकं कच्चं असतं की पाण्याने उघडावं, तर एका पावसाळ्यात जंगलं वाहून गेली असती.

गाईला हे कुलूप उघडता येतं असं आपण म्हणतो, पण तिलाही ते येत नाही. तिच्या पोटात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांना येतं. वाळवीचंही बरंचसं तसंच. माणसाने ते १८१९ साली उघडलं. फ्रान्समधल्या नान्सी शहरात आंरी ब्राकोनो या रसायनशास्त्रज्ञाने लाकडाचा भुसा आणि जुन्या तागी कपड्यांच्या चिंध्या तीव्र गंधकाम्लात भिजवल्या, मग पाणी घालून उकळल्या, आणि त्याला साखर मिळाली. चिंध्यांची साखर! शिवाय हिशेबात ती चिंध्यांपेक्षा जास्तच भरते, कारण माळ तुटताना प्रत्येक मण्याला पाण्याचा एक कण जोडला जातो. १०० किलो सेल्युलोज पूर्णपणे फोडता आलं तर १११ किलो ग्लुकोज होईल. 'सेल्युलोज' हे नाव आन्सेल्म पायेनने १८३८ च्या सुमारास दिलं, म्हणजे त्या पदार्थाला नाव मिळण्याच्या आधीच तो गोड झालेला होता.

पुढच्या दोनशे वर्षांत हा धंदा पुन्हापुन्हा उभा राहिला आणि पुन्हापुन्हा बसला. तो उभा राहण्याच्या वेळा पाहिल्या तर त्यात युद्धं आणि टंचाई जास्त दिसते. उसाची किंवा बीटाची साखर स्वस्त मिळू लागली की लाकडाच्या साखरेला कोणी विचारत नाही, कारण आम्ल, उष्णता, दाब हे सगळं परवडत नाही. जर्मनीत फ्रीड्रिश बेर्गियुसने हायड्रोक्लोरिक आम्लाने लाकूड फोडण्याचे कारखाने चालवले ते याच आडाख्यावर, की देशाला बाहेरून अन्न आणि चारा मिळेनासा होईल तेव्हा जंगल कामाला येईल.

या विद्येची खरी कसोटी लागली ती लेनिनग्राडला. सप्टेंबर १९४१ मध्ये शहराला वेढा पडला. २० नोव्हेंबरपासून पाच आठवडे कामगार नसलेल्या माणसाला, म्हणजे कारकुनाला, म्हाताऱ्याला, पोराला, दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्या पावातही सगळं पीठ नव्हतं. वनशास्त्राच्या अकादमीतले प्राध्यापक वसिली शारकोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाच्या सेल्युलोजवर आम्लाची प्रक्रिया करून ते पावात मिसळण्याजोगं केलं. त्याने पोट भरल्यासारखं वाटत असे, अंगी फारसं काही लागत नसे. पण त्यांनी दुसरंही एक काम केलं. लाकडापासून साखरेचं पाणी काढलं, त्यावर यीस्ट वाढवलं आणि त्या यीस्टचं सूप शहरातल्या खाणावळींतून वाटलं गेलं. यीस्टमध्ये प्रथिनं असतात. लाकडाच्या भुशातून आलेल्या त्या सुपाने काही माणसं तगली.

लाकडाच्या साखरेबद्दल कुरकुर करणाऱ्याने आधी या सुपाचं उत्तर दिलं पाहिजे. माझ्यापाशी त्याच्याविरुद्ध काही नाही. तिथे 'कोणाचं काय जातं' हा प्रश्नच हास्यास्पद ठरतो. माणसं मरत होती आणि झाडं उभी होती.

पण त्याच शहरात, त्याच हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडत होती. निकोलाय वाविलोव यांनी जगभर फिरून जमवलेला पिकांच्या बियांचा संग्रह तिथल्या संस्थेत होता. वाविलोव स्वतः स्टालिनच्या तुरुंगात होते आणि १९४३ च्या जानेवारीत तिथेच उपासमारीने गेले. संस्थेतले त्यांचे सहकारी गहू, मका, भात, शेंगदाणे यांच्या पिशव्यांची राखण करत बसले, आणि त्यातले कित्येक जण भुकेने मेले. भाताच्या वाणांचे अभ्यासक दमित्री इवानोव तांदळाच्या साठ्याजवळ असताना मेले. एकाने जे अन्न नव्हतं त्याचं अन्न केलं, दुसऱ्याने जे अन्न होतं ते अन्न मानायला नकार दिला. दोन्ही कृत्यं मला थोर वाटतात, आणि त्यांना एका तराजूत कसं घालावं ते कळत नाही. एवढं मात्र दिसतं की एखादी वस्तू वापरता येते यावरून ती वापरण्याचा हक्क कोणाचा हे ठरत नाही. बियांवर उद्या पेरणाऱ्यांचा हक्क होता, आणि ते अजून जन्मालाही आले नव्हते.

सुकाळात हीच विद्या वेगळी दिसते. एमिल फिशरने १८९१ मध्ये बीच झाडाच्या लाकडातल्या झायलोजपासून झायलिटॉल तयार केलं. १९७० च्या दशकात फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या संशोधनानंतर ते दातांना न किडवणारी साखर म्हणून नावारूपाला आलं. तिथल्या बर्च झाडांवरून त्याला बर्चची साखर म्हणतात. आता ते बरंचसं चीनमध्ये मक्याच्या बुरकुंडांपासून बनतं आणि आपल्याकडे मधुमेह्यांच्या डब्यांतून येतं. गोड खायचं आणि फळाची चिंता करायची नाही, असा हा एक नवाच निष्काम भोग. बिनधोक म्हणून विकलं जाणारं हेच झायलिटॉल कुत्र्याच्या पोटात गेलं तर त्याचं इन्सुलिन एकदम उसळतं, रक्तातली साखर कोसळते आणि कुत्रं दगावू शकतं. 'बिनधोक' हा शब्दही 'टाकाऊ'सारखाच. कोणाला, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आता आपल्या उसाकडे. एक टन ऊस गाळला की महाराष्ट्रात साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. तेवढ्याच उसाचं २८० ते ३०० किलो बगॅस होतं. त्यात निम्मं पाणी असतं. उरलेल्या कोरड्या चोथ्याचा दोन तृतीयांशाच्या आसपासचा भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, म्हणजे साखराच. कागदावर हिशेब मांडला तर पोत्यांतून जाते जवळजवळ तितकीच साखर चिपाडात कुलूपबंद राहते आणि बॉयलरमध्ये जळते. प्रत्यक्षात ती सगळी निघत नाही, आणि निघते तीही महाग पडते. पण हा आकडा एकदा डोक्यात शिरला की कारखान्याच्या आवारातला बगॅसचा ढीग पूर्वीसारखा दिसत नाही. एका उसात दोन ऊस आहेत असं वाटायला लागतं.

ती साखर सोडवण्यासाठी आज आम्लापेक्षा विकरांवर भिस्त जास्त आहे, आणि त्या विकरांची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचं कापडी सामान कुजायला लागलं. कुजवणारं कोण याचा शोध घेताना एक बुरशी हाती लागली. पुढे एल्विन रीस या शास्त्रज्ञावरून तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसेई पडलं. सेल्युलोज फोडणारी विकरं कारखान्यात बनवली जातात ती मुख्यतः या बुरशीच्या वंशाकडून. तिची भावंडं आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळतात. शेतकरी ती बियाण्याला चोळतो, पाचट कुजवायला सरीत टाकतो. म्हणजे ज्याला आपण टाकाऊ म्हणतो ते कोणाचं तरी जेवण आहे. ते खाणाऱ्याचाच पाचकरस काढून आपण ते जेवण स्वतःकडे ओढणार आहोत, आणि वर म्हणणार आहोत की हे कोणी खात नव्हतं.

बुरशीचा कळवळा कशाला, असं कोणी म्हणेल. कळवळा नाहीच. तिने खाल्लेलं मातीत उरतं, एवढाच मुद्दा. ऊस तुटल्यावर हेक्टरी आठ-दहा टन पाचट मागे राहतं. ते जाळू नका, कुजवा, सेंद्रिय कर्ब वाढेल, असं शेतीखातं वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. पाचटाच्या गाठी बांधून नेणारी यंत्रं आता येऊ लागली आहेत, आणि गाठीला भाव आहे. मातीला भाव देता येत नाही.

एक वस्तू एकाच वेळी टाकाऊ आणि अमोल कशी असू शकते, ते भाताच्या पेंढ्यात बघावं. पंजाब-हरियाणात कंबाइन यंत्राने कापणी झाली की मागे राहिलेला पेंढा शेतकऱ्याला नकोसा होतो. गव्हाच्या पेरणीची घाई असते, जनावरं गव्हाच्या भुशावर असतात. मग काडी पेटते आणि धूर दिल्लीपर्यंत जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प सुरू झाला, वर्षाला दोन लाख टन पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याच्या क्षमतेचा. जळणाऱ्या काडीपेक्षा ते शंभर पटींनी बरं, यात मला शंका नाही. पण तोच पेंढा भंडारा-गोंदियात 'तणस' म्हणून रचून ठेवतात आणि उन्हाळ्यात जनावरं त्यावर निघतात. पानिपतचा कचरा भंडाऱ्यात चारा असतो. टाकाऊपणा पेंढ्यात नसतो, तो पेंढा आणि माणूस यांच्या नात्यात असतो, आणि ती नाती मुलखागणिक बदलतात. धोरण मात्र देशभराला एकच शब्द वापरतं.

मराठीत 'सरवा' असा एक शब्द आहे. ज्वारी-बाजरी काढून नेल्यावर शेतात पडून राहिलेली कणसं, भुईमूग उपटल्यावर मातीत राहिलेल्या शेंगा, म्हणजे सरवा. तो वेचायला ज्यांना शेत नाही ती माणसं यायची, बहुतेक बाया आणि पोरं. मालक सहसा हटकत नसे. ज्यूंच्या धर्मशास्त्रात तर आज्ञाच आहे की शेताच्या कडा कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. शेतमालकीच्या कल्पनेला पूर्वी अशी एक सैल किनार होती.

ती किनार आवळली जाते तेव्हा काय होतं, यावर चोवीस वर्षांच्या कार्ल मार्क्सने १८४२ साली ऱ्हाइनिश त्साइटुंग या पत्रात लेख लिहिले. प्रश्न लाकडाचाच होता. ऱ्हाइन प्रांतात गरीब माणसं जंगलात गळून पडलेल्या फांद्या गोळा करत. प्रांताच्या सभेत त्याला चोरी ठरवणाऱ्या कायद्याची चर्चा चालली होती. मार्क्सचं म्हणणं असं की गळलेल्या फांदीचा झाडाशी संबंध सापाच्या कातीचा सापाशी असतो तेवढाच. झाडाची मालकी म्हणजे तिची मालकी नव्हे. आर्थिक प्रश्नांकडे आपण वळलो त्यात या वादाचा हात होता, असं त्याने पुढे लिहिलं आहे. त्या जंगलमालकांना फांद्यांचं प्रेम अचानक आलं नव्हतं. लाकडाला भाव आला होता.

त्याच्या दीडशे वर्षं आधी जॉन लॉकने खासगी मालकीचं समर्थन करताना एक अट घातली होती: माणसाने घ्यावं ते नासण्याआधी वापरता येईल एवढंच, त्यापुढचं दुसऱ्यांचं. पैसा नासत नाही, म्हणून पैसा आल्यावर ही अट ढिली पडते, हेही त्यानेच सांगितलं. काडीचं इथेनॉल झालं की काडीही नासायची थांबते. आजवर तिचं कुजणं हेच गरिबाच्या आणि मातीच्या बाजूने उभं असलेलं कलम होतं. मालकाला ते साठवता येत नव्हतं म्हणून तो सोडून देत होता.

आपल्याकडे हे घडून गेलेलं आहे. माधव गाडगीळांनी १९७० च्या दशकात कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला तो बुरुडांच्या तक्रारीवरून. कागद गिरणीला सरकारी जंगलातला बांबू जवळजवळ फुकट मिळत होता आणि टोपल्या विणणाऱ्याला तो बाजारभावाने घ्यावा लागत होता. कागद म्हणजेही सेल्युलोजच. साखर काढा नाहीतर कागद काढा, तंतू कोणाचा हा प्रश्न तसाच राहतो.

इथवर येऊन मला सरव्याची बाजू घेऊन मोकळं होता आलं असतं. पण तसं होता येत नाही, कारण मध्ये महाड येतं. मार्च १९२७ च्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टे-शिळे तुकडे यांच्यावर जगणं सोडा. गावगाड्यातल्या उरल्यासुरल्यावर ज्यांना जगावं लागलं त्यांना ते उरलंसुरलं हक्क म्हणून कधी मिळालंच नव्हतं. ते मिंधेपण म्हणून मिळत होतं, आणि त्यासोबत जात पक्की होत होती. सरवा वेचणाऱ्या बाईचं चित्र लांबून सुंदर दिसतं. ती वाकलेली असते. तेव्हा तंत्रज्ञान अडवा आणि गरिबांसाठी थोडा कचरा राहू द्या, असं म्हणणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. कचऱ्याला भाव येतोय तर येऊ दे. प्रश्न एवढाच की भाव येण्याच्या आधी ज्यांचं पोट त्यावर होतं, ते भाव आल्यावर हिशेबाच्या वहीत येतात की नाही.

वहीत येता येतं, याचा पुरावा उसातच आहे. बगॅस आणि मळी ही कारखान्याची, शेतकऱ्याला फक्त साखरेवरून दर, असं गणित बरीच वर्षं चाललं. मग भांडून भांडून ते बदललं. २०१२ साली रंगराजन समितीने शिफारस केली की साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड या सगळ्यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, किंवा केवळ साखरेवर हिशेब करायचा तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यावर कायदा केला. अंमलबजावणीच्या कुरबुरी संपलेल्या नाहीत, पण चिपाड कोणाचं या प्रश्नाला कायद्यात एक टक्केवारी मिळाली. शेतकऱ्याने ती दया म्हणून मागितली नव्हती.

त्या टक्केवारीत ऊसतोड मजूर कुठेच नाही. त्याला तोडणीचा दर मिळतो. २०२४ च्या जानेवारीत तो वाढून टनाला साडेतीनशे रुपयांच्या वर गेला. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यातून फिटायची असते. रोजच्या तेलामिठाला हातात पैसा येतो तो वाढ्यांचा. उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, त्याच्या पेंड्या बांधून बाया गावातल्या दूधवाल्यांना विकतात. राहायच्या कोपीवर पाचट असतं, चुलीत पाचट असतं. वाढे मजुराचे, हे सगळीकडे मानलं जातं. ते रिवाजाने मानलं जातं. शेतात आता हार्वेस्टर येतात. हार्वेस्टर शेंडा छाटतो तो तुकडे करून उडवून देतो, त्याची पेंडी बांधता येत नाही. मागून बेलर येतो आणि पाचटासकट सगळं गोळा करतो. गाठी ट्रॉलीत चढतात, काट्यावर वजन होतं, पावती निघते. पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं, नाहीतर ठेकेदाराचं.